फौजीची मान आणि 'नाना'चा शेरा

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी काही महिन्यांनी एक पत्र येते. पत्र इंग्रजीत असते. वर रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, खाली कुणा अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. कॉलेजात जाणारा मुलगा ते दोनदा वाचतो आणि एवढेच सांगतो, "अब्बा, नामंजूर झालंय." मग ते पत्र लोखंडी पेटीत जाते आणि त्या घरात अपंगत्वाच्या पेन्शनचा विषय पुन्हा निघत नाही.

वाचकहो, या महिन्यात आम्हाला याच पत्राबद्दल लिहायचे आहे. त्यातही मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यावर आलेल्या नकाराबद्दल. कोकणापासून साताऱ्यापर्यंत आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत होते किंवा आहे. त्या घरांना उपयोगी पडेल, अशा बेताने हे लिहीत आहोत.

आधी दुखणे समजून घेऊ. आपल्या मानेत सात मणके असतात आणि कमरेत पाच. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचा बाहेरचा भाग चिवट असतो आणि आतला मऊ. वर्षानुवर्षे ओझे आणि हादरे सोसून ही गादी झिजते किंवा बाहेर सरकते आणि शेजारून जाणारी नस दाबते. मानेतली नस दाबली की दुखणे मानेपुरते राहत नाही, ते हातात उतरते. अंगठा आणि तर्जनी बधिर होते, मुठीतली पकड जाते, चहाचा कप हातातून निसटतो. कमरेतली नस दाबली की कळ मांडीमागून थेट पावलापर्यंत जाते. कागदावर या आजारांची नावे सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, लंबर स्पॉन्डिलोसिस किंवा पी.आय.व्ही.डी. अशी असतात. पी.आय.व्ही.डी. म्हणजे सरकलेली गादी.

आता फौजीचे रोजचे काम डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिट्टू, खांद्यावर हत्यार आणि पायाखाली चढ. तोफखान्यातला जवान १५५ मिलिमीटरचा जो गोळा उचलतो, त्याचे वजन सुमारे ४३ किलो असते. सिमेंटच्या पोत्याहून थोडेसेच कमी. छत्रीधारी सैनिक जमिनीवर उतरतो तेव्हा तो धक्का पायांतून कण्यात चढतो. लष्करी ट्रकचा ड्रायव्हर डोंगरातल्या फुटक्या रस्त्यांवर दिवस दिवस हादरे खातो. यांपैकी कुणाच्याही अंगावर जखमेचा व्रण दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्राने मुरलीकांत पेटकर पाहिले आहेत. १९६५ च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी घुसली. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. तिथे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या जवानाला कुणी विचारत नाही, हे फौजेमुळे झाले का. पण जो आपल्या पायांनी चालत वैद्यकीय मंडळासमोर येतो आणि सांगतो, "साहेब, मान वळत नाही, बोटे बधिर आहेत," त्याच्यापुढे हा प्रश्न ठेवला जातो. सारे पेन्शन या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

नियम असा की, अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले तरी असावे किंवा सेवेमुळे बळावलेले तरी असावे. 'उद्भवलेले' आणि 'बळावलेले' हे दोन निरनिराळे दरवाजे आहेत. पहिला बंद असला तरी दुसरा उघडा असू शकतो. मंडळाने दोन्ही बंद केले की कागदावर शेरा पडतो: ना सेवेमुळे उद्भवले, ना सेवेमुळे बळावले. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून फौजेत या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. आपल्या घरात नाना म्हणजे आईचे वडील, लाड करणारे. फौजी घरात मात्र या 'नाना'ने पुष्कळांना रडवले आहे.

मानेच्या बाबतीत या शेऱ्यामागे बहुधा दोन कारणे दिलेली असतात. एक, हा वयोमानाने होणाऱ्या झिजेचा आजार आहे. दोन, तो सुरू झाला तेव्हा जवान शांततेच्या ठिकाणी नेमणुकीवर होता, सीमेवर किंवा उंच पहाडावर नव्हता. दोन्ही कारणे वाचायला पटण्यासारखी वाटतात, म्हणून जरा तपासून पाहू. आपला साधा जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. त्या वयाचा आमच्या शाळेतला शिक्षक अजून निम्मी नोकरी बाकी म्हणून कर्ज काढत असतो. या वयात मानेची गादी सरकली, तर निव्वळ वयाकडे बोट दाखवून कसे भागेल? आणि मणका काही बदलीच्या हुकुमाबरोबर झिजत नाही. सहा वर्षे डोंगरात सोसलेले हादरे सातव्या वर्षी छावणीत आल्यावर बोलू लागतात. शिवाय छावणीतही परेड, कसरत आणि पहारा असतोच. केवळ शांततेच्या ठिकाणी आजार निघाला म्हणून हक्क नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा फैसला मात्र सर्वोच्च न्यायालयाचा आहे आणि तो मानेच्या आजाराचा नाही. धरमवीर सिंग नावाचा शिपाई १९८५ मध्ये सिग्नल्स कोअरमध्ये भरती झाला. १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे त्याला घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण आजार प्रकृतीचाच आहे, सेवेशी संबंध नाही, असे सांगून पेन्शन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. घरी पाठवल्यापासून हिशेब केला तर एकोणीस वर्षांनी.

न्यायालयाने जे सांगितले ते आपण साध्या भाषेत मांडू. भरतीच्या वेळी फौज स्वतः जवानाची तपासणी करते. तेव्हा आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा ठणठणीत होता असे मानले पाहिजे. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली, असे धरून चालले पाहिजे. तसे नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे, जवानाची नाही. शंकेचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे. आणि आजार भरतीच्या वेळी का ओळखता आला नाही, सेवेशी त्याचा संबंध का नाही, याची कारणे वैद्यकीय मंडळाने लिहिली पाहिजेत. नुसता शेरा मारून भागणार नाही. न्यायालयाने हे सारे १९८२ च्या हक्कनियमांतूनच दाखवून दिले.

म्हणून नकाराचे पत्र हाती आले की पहिला प्रश्न हा विचारायचा: कारण काय लिहिले आहे? "झिजेचा आजार" एवढेच असेल, तर ते आजाराचे वर्णन झाले. सेवेचा त्यात काहीच वाटा का नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. सारी गल्ली त्यांना हवालदारचाचा म्हणते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये त्यांनी वीस वर्षे गाडी चालवली, त्यातली बरीच पहाडात. आता उजव्या हाताने त्यांना शर्टाचे बटण लागत नाही, ते चाची लावून देतात. त्यांच्या पेटीतही तेच पत्र होते. आम्ही विचारले, "चाचा, नोकरीत असताना दवाखान्यात दाखवलं होतं का?" चाचा म्हणाले, "दाखवलं असतं तर कॅटेगरी खाली आली असती. नायकाचा हवालदार झालो नसतो. बाम चोळायचा आणि स्टेअरिंग धरायचं." यावर चाची शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी दुखणं साहेबापासून लपवलं, माझ्यापासून नाही. सुट्टीवर आले की रात्र रात्र मान शेकून दिली आहे मी."

कितीतरी फौजींची फाइल अशीच पातळ राहते. वैद्यकीय श्रेणी खाली आली की बढती अडते, कोर्स अडतो, मनासारखी नेमणूक मिळत नाही. म्हणून माणूस सोसत राहतो आणि शेवटी त्याच्या सोसण्याचाच पुरावा उरत नाही. जे अजून नोकरीत आहेत, त्यांच्या घरच्यांना आमचे सांगणे आहे की, सब्र ही मोठी गोष्ट आहे, पण दुखणे नोंदवल्याने सब्र कमी होत नाही. गाडी उलटली, ओझे उचलताना कळ आली, उतरताना पाय घसरला, तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करावा आणि इजेचा अहवाल भरून घ्यावा.

जे निवृत्त झाले आहेत, त्यांनी काय करावे? आधी कागद गोळा करावेत. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. ती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. ज्याच्या त्याच्या कोअरप्रमाणे पत्ता बदलतो. त्या प्रतीत भरतीच्या वेळची तब्येत, नेमणुकांची ठिकाणे, आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे नोंदला गेला, अपंगत्वाचे टक्के आणि मंडळाची कारणे, हे सारे पाहावे. जवानाचे स्वतःचे निवेदनही त्यात असते. त्यासोबत एम.आर.आय., जुने एक्स-रे आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावाव्यात.

नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येते. ते फेटाळले गेले तर दुसरे अपील असते. तिथेही नाही झाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून त्याचे काम सुरू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मणक्याच्या कितीतरी प्रकरणांत वैद्यकीय मंडळाचा शेरा न्यायाधिकरणाने बाजूला ठेवला आहे. हा कायदा निवृत्त सैनिकांबरोबर त्यांच्या वारसांनाही लागू आहे, हे आमच्या बहिणींनी ध्यानात ठेवावे. शोहर हयात नसला तरी त्याचा थकलेला हक्क बुडत नाही.

उशीर झाला असेल तर? तरसेम सिंग नावाच्या सैनिकाला १९८३ मध्ये आजारपणामुळे फौजेतून घरी पाठवले होते आणि तो न्यायालयात गेला १९९९ मध्ये. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणात सांगितले की, पेन्शन न मिळणे ही दर महिन्याला पुन्हा घडणारी गोष्ट आहे, म्हणून उशिरा आला तरी दावा मरत नाही. मात्र थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. थोडक्यात, उशिराने हक्क जात नाही, पण मधल्या वर्षांचे पैसे जाऊ शकतात.

रकमेचाही हिशेब समजून घेऊ. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम अपंगत्वापोटी मिळते आणि टक्के कमी असतील तर त्या प्रमाणात कमी. समजा, शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. १०० टक्क्यांना १२,००० रुपये, म्हणजे २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण सरकारचीच एक तरतूद अशी आहे की, ५० पेक्षा कमी ठरलेले अपंगत्व ५० धरावे, त्यावरचे ७५ पर्यंतचे ७५ धरावे आणि त्याहून जास्त असेल तर १०० धरावे. त्यामुळे २,४०० चे ६,००० रुपये होतात, वर महागाईचा भत्ता. ही सवलत आधी आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच दिली जात होती. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिली. ज्यांना पेन्शन सुरू आहे पण २० किंवा ३० टक्क्यांवरच अडकले आहे, त्यांनीही आपला कागद पुन्हा तपासावा.

एक खबरदारी मात्र घ्यावी. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्कनियम लागू झाले आहेत. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या दोस्ताचा अर्ज पाहून आपला अर्ज उतरवू नये. कोणते नियम लागू, हे निवृत्तीच्या तारखेवरून आधी पक्के करावे.

इथे न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक मानदुखी फौजेची देणगी नसते. सुट्टीत गावी घर शाकारताना पडलेला माणूस ती इजा सेवेच्या खात्यावर लिहू पाहील, तर ते चूक आहे. अशाने खऱ्या दुखणाईतांकडे बघणाऱ्यांच्या नजरेत शंका येते. मंडळावरचे डॉक्टर काही दुश्मन नव्हेत, सरकारी तिजोरीही लोकांचीच आहे. वाढवून लिहू नये, खोटी चिठ्ठी आणू नये. आपला हक्क नाही ते मागू नये आणि आहे तो सोडू नये.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहा. जवान जिंकला तरी पुष्कळदा सरकार वरच्या न्यायालयात जाते. २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी अशा खटल्यांचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंगत्वाच्या पेन्शनसारख्या प्रकरणांत, जिथे कायदा ठरून गेला आहे तिथे, सरकारने अपिले करत राहू नये, असाच त्या समितीचा सूर होता. तरीही आज एखाद्या निवृत्त शिपायाला मानेला पट्टा बांधून तारखेला हजर राहावे लागते. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नाही. म्हणूनच पुराव्याचे ओझे कायद्याने सरकारच्या खांद्यावर ठेवले आहे.

आम्ही उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. 'अर्जदार' आणि 'हक्कदार' हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांत नांदतात. त्या पत्रात आपल्या माणसाला अर्जदार म्हटलेले असते आणि घरचे लोक तेवढेच मनावर घेतात: आपण मागितले, त्यांनी दिले नाही, संपले. पण कायदा त्याच्याकडे हक्कदार म्हणून पाहतो. हक्कदाराला नाही म्हणायचे असेल तर कारण द्यावे लागते.

वकिलाच्या फीची धास्ती अनेकांना असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना'ही सुरू केली आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तिथे जाऊन चौकशी करायला पैसे पडत नाहीत. टक्केवारीच्या बोलीवर "काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

हवालदारचाचांचे पहिले अपील आता गेले आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. त्यांच्या कागदांत भरतीच्या वेळी 'निरोगी' अशी नोंद आहे, नेमणुकांची पूर्ण यादी आहे, एम.आर.आय. आहे. शिवाय चाचींनी स्वतः लिहिलेले एक पान आहे: कोणत्या साली सुट्टीवर आल्यावर कोणता हात दुखत होता, गावच्या कोणत्या डॉक्टरकडे नेले, किती दिवस पट्टा बांधला. उर्दूत लिहिलेल्या त्या पानाचा आम्ही मराठीत आणि एका सहकाऱ्याने इंग्रजीत तर्जुमा केला. बायकोच्या आठवणीला कायद्यात किती वजन मिळेल हे न्यायाधीश ठरवतील, पण तारखा जुळवायला त्या पानाची फार मदत झाली.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या गल्लीत, नात्यात, मोहल्ल्यात कुणी निवृत्त फौजी मान धरून बसलेला दिसला, तर त्याला औषध सुचवण्याआधी विचारा, "चाचा, ते पत्र कुठं आहे?" पेटी उघडायला लावा. पत्रावरची तारीख पाहा आणि सहा महिने कधी भरतात ते आजच मोजा. घरातली जी मुलगी किंवा मुलगा इंग्रजी वाचू शकतो, त्याला पहिल्या ओळीपाशी थांबू देऊ नका. 'नामंजूर' या शब्दाच्या पुढे काय लिहिले आहे, ते शेवटपर्यंत वाचायला सांगा.